काठानं चालणारे कण

कुंदा, काल तुझी तेरवी झाली. माणसं जेवून गेली, मांडववाला सतरंज्या गुंडाळून घेऊन गेला, आणि आज सकाळपासून या घरात कोणी मोठ्यानं बोललेलं नाही. आई तिच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली आहे. माझी लेक मृणाल तुझ्या हुडको कॉलनीतल्या घरी गेली आहे, कुंड्यांना पाणी घालायला. मी इथं चरोद्याला, आपल्या दाराच्या ओट्यावर बसून तुझ्याशी बोलतोय. तुझ्याशी भांडायची सवय लागली आहे, आणि तेरवी उरकली म्हणून सवय उरकत नाही.

काल लोक तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलत होते. तुझ्या कॉलेजातल्या एक बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, ‘मॅडम किती शांत होत्या!’ मला तशातही हसू आलं. शांत म्हणे! सख्ख्या मोठ्या भावाशी एका हिरव्या पेशीवरून वर्षानुवर्षं तावातावानं भांडणारी बाई, आणि शांत! लोकांची कुंदा लोकांकडं राहू दे. माझी माझ्याकडं आहे, आणि ती अजून माझं ऐकून घ्यायला तयार नाही.

मी जन्मभर स्टील प्लांटात माल वाहणारे बेल्ट चालवले. खनिज, कोळसा, चुनखडी, सगळं यार्डातून उचलून भट्टीपर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. तू कॉलेजात पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलंस. आपल्या दोघांत काही समान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग मी रिटायर झालो. त्याआधीच मृणालची आई गेली होती. सकाळी उठून चहा घेतला की दिवस संपला, असं माझं चाललं होतं. त्या काळात तू एका रविवारी आलीस, चपलाही न काढता दारातूनच ओरडलीस, ‘दादा, उठ. स्कूटर काढ. डबरीवर जायचं आहे.’

‘कायले?’

‘शेवाळ पिळायले.’

मला वाटलं, माझी गंमत करते आहेस. पण तू खरंच रेल्वे लाइनीपलीकडच्या त्या डबरीत, त्या लहानशा तळ्यात, साडी खोचून उतरलीस. पाण्यातलं गवत मुठीत धरायचं, ते बरणीवर पिळायचं, आणि खाली गळालेलं गढूळ पाणी जपून आणायचं, ही तुझी पद्धत. नुसतं पाणी भरलं तर काही मिळत नाही म्हणायचीस, जे मिळतं ते गवताला बिलगून राहतं. काठावर कपडे धुणारी एक म्हातारी त्या शेवाळाकडं बोट दाखवून विचारायची, ‘ए काई ला का करबे दीदी?’ तू म्हणायचीस, ‘देखहूं, दाई.’ ती माझ्याकडं कीव आल्यासारखी पाहायची. माझी बहीण वेडी आणि मी तिचा ड्रायव्हर, असा तिचा समज झाला असावा. फारसा चूकही नव्हता.

पुढं दर रविवारी तेच. हुडकोच्या घरी खिडकीपाशी तू सूक्ष्मदर्शक मांडायचीस, आणि पहिला मान मला द्यायचीस. पहिल्यांदा मी डोळा लावला तेव्हा मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग केव्हातरी ते दिसलं. कापून टाकलेल्या नखासारखं, वाकडं, हिरवंगार. क्लोस्टेरियम, तू सांगितलंस. एकच पेशी, एवढाच सगळा जीव. दोन्ही टोकांना एकेक बारीकशी स्वच्छ खोली, आणि त्या खोलीत काळसर कण थुईथुई नाचत होते. मी ओरडलोच, ‘अरे वा! काय जिवंत आहे!’

तू माझ्या पाठीत चापट मारलीस. ‘तिथीच सगळे फसतात. ते जिप्समचे खडे आहेत, दादा. पाण्याचे कण त्याईले चारीकून धक्के मारतात म्हणून थरथरून राहिले. त्याच्यात जीव गिव काही नाई. पेशी मेली तरी काही वेळ ते असेच नाचतात. तिथी नको पाहू. काठाले पाह्य.’

काठाला मला काही दिसेना. तू दिवा मंद केलास, भिंगाची फिरकी केसभर फिरवलीस. मग पेशीच्या अगदी कडेनं बारीक कणांची एक ओळ सरकताना दिसली. घाई नाही, थरथर नाही. शिफ्ट सुटल्यावर माणसं पावर हाउस स्टेशनकडं निघावीत तशी, आपापल्या वाटेनं. तिच्या शेजारून दुसरी ओळ उलटीकडं चालली होती.

‘हे चालणं,’ तू म्हणालीस. ‘ते नुसतं हलणं.’

मी विचारलं, हे चालवतं कोण? तू मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवून सांगितलंस. एका टोकाला तयार झालेला माल दुसऱ्या टोकाला पोचवायचा, तर तो पाण्यात आपोआप पसरेल म्हणून वाट पाहत बसणं एवढ्या लांबोड्या पेशीला परवडत नाही. म्हणून आत तंतू असतात, रुळांसारखे टाकलेले. त्या रुळांवरून रेणू अक्षरशः पावलं टाकत जातात, मागं पुडकी ओढत. आणि त्यांच्या ओढीनं आजूबाजूचा रसही वाहायला लागतो. मी ऐकत राहिलो. जन्मभर मी हेच काम केलं होतं आणि ते एका थेंबात चाललेलं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना मी स्कूटर फार हळू चालवली.

मग मी तुला आमचं सांगितलं. करंट गेला तरी लांबचा बेल्ट लगेच थांबत नाही, आपल्या ओघानं सरकत राहतो. आणि उभा असलेला बेल्ट पलीकडून कोणी बटण दाबलं की सुटतो. म्हणून नवीन आलेल्या माणसाला आम्ही पहिली गोष्ट हीच सांगायचो, हलतोय म्हणून चालू समजू नको आणि थांबलाय म्हणून बंद समजू नको. तू टाळी वाजवलीस. ‘हेच! हेच मी पोट्ट्याईले सांगून सांगून थकली!’ काचेवर थेंब ठेवून वर पातळ काच दाबली की त्या धक्क्यानं पेशीतला प्रवाह थांबतो, आणि तुझी पोरं लगेच म्हणायची, मॅडम, मर गया. तू म्हणायचीस, डर गया है, रुको. त्यांना बाहेर चहाला पाठवायचीस आणि आल्यावर पुन्हा पाहायला लावायचीस. दोनदा पाहिल्याशिवाय कोणत्याही पेशीला मेली म्हणायचं नाही, हा तुझ्या प्रॅक्टिकलचा कायदा होता. मीही तो प्रवाह थांबलेला आणि मग हळूच सुटलेला पाहिला आहे. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले होते. तू पाहिलंस आणि नेमकी तेव्हाच चहा ठेवायला आत गेलीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायचो, एवढा माल हलतो म्हणजे कुठंतरी कंट्रोल रूम असलीच पाहिजे. तू म्हणायचीस, नाही. जो तो आपल्या रुळावर, जवळ मिळेल ते खाऊन चालतो.

‘मंग मेन स्विच?’

‘मेन स्विचबी नाई.’

‘मंग मरते कशी ते?’

यावर तू भिंगावरून डोळा काढलास. मग म्हणालीस, ‘एकएक करून थांबते, दादा. इथलं थांबते, तिथलं चालू राहते. मंग केव्हातरी काहीच परत सुरू होत नाई. मेली, हे आपण मागून म्हणतो.’

‘म्हणजे मरणाची अशी वेळच नसते?’

‘मरण असते. कोणत्या मिनिटाले, ते नको विचारू.’

मला हे पटलं नाही. आजही पटलेलं नाही. ज्या कामाची वेळ सांगता येत नाही ते काम झालं असं मी कधी लिहून घेतलं नाही. पुढच्या रविवारी मी नव्या तयारीनं येणार होतो, आणि शनिवारी तुझा फोन आला की डोकं ठणकतंय, बाम लावून पडली आहे. मी म्हणालो, आजच्या आज बीपी तपासून घे. तू म्हणालीस, पोरांच्या परीक्षा आटपू दे, आणि उद्या लवकर ये, उन्हानं डबरी आटत चालली आहे. मी चिडून फोन ठेवला. तुझा मला राग येतो, कुंदा. दुसऱ्याच्या पेशीला दोनदा पाहणारी तू, स्वतःकडं एकदाही पाहिलं नाहीस. आईचं वय काय, आपलं काय, याचा तरी विचार करायचा होतास.

रविवारी मी आलो तर दार आतून बंद, आत तू एकटी. शेजारच्यांनी मिळून उघडलं. तू स्वयंपाकघरात पडलेली होतीस आणि नळ चालू होता.

डोक्यात रक्तस्राव, रायपूरच्या दवाखान्यात सांगितलं. मेंदूत सगळीकडं पसरलाय. तुला श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं. छाती वर जायची, खाली यायची, अगदी एका ठेक्यात. जन्मात तू कधी इतका शिस्तीत श्वास घेतला नसशील. मी काचेतून पाहत होतो आणि मला ते जिप्समचे खडे दिसत होते. नको असताना दिसत होते. तू ते मला दाखवलं नसतंस तर मीही आईसारखी आशा धरून बसलो असतो, आणि तेव्हा ते बरं झालं असतं.

मग डॉक्टर म्हणाले, मेंदू गेला आहे असं आम्हाला वाटतं, पण खात्री करायची एक पद्धत आहे. ती तपासणी दोनदा होते, मध्ये काही तास सोडून. आणि खात्री झालीच तर, घरच्यांची तयारी असेल तर, किडनी, डोळे दुसऱ्याच्या कामी येतील. मी काही बोलायच्या आत मृणाल म्हणाली, ‘बाबा, आत्याची इच्छा होती. कितनी बार बोली थी मुझे. जो काम आए, दे देना.’ मला तू यातलं काही कधी बोलली नव्हतीस. भाचीला सांगितलंस. मी वाद घालीन म्हणून असेल.

मी डॉक्टरांना सांगितलं, माझी आई हो म्हणाली तर माझं हो.

आईला आणलं. तिनं पदराच्या गाठीत देवघरातला कापूस बांधून आणला होता. आठवतं ना, बाबा गेले तेव्हा प्लांटच्या सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये तिनंच त्यांच्या नाकाशी कापसाची तार धरली होती, आणि ती हलत नाही हे स्वतः पाहिल्यावरच रडायला सुरुवात केली होती. तिच्या लेखी माणूस गेला की नाही हे सांगायचा अधिकार त्या कापसाला, दुसऱ्या कोणाला नाही. आता ती तुझ्या खाटेपाशी कापूस घेऊन उभी राहिली आणि तिला तुझं नाकच सापडेना. तोंडात नळी, नाकात नळी, वरून पट्ट्या. कापूस धरायचा कुठं? तिच्या हातातली तार तिच्याच हाताच्या कंपानं हलत होती.

आणि तेवढ्यात तुझ्या पायाचा अंगठा हलला.

‘हलला!’ आई ओरडली. ‘पाह्यलं का? पोरगी पाय हलवून राहिली अन् तुम्ही म्हणता गेली!’

नर्स म्हणाली, मांजी, असं होतं, ते पाठीच्या कण्यातून होतं, त्यांना काही कळत नाही. मृणालनं आईचे खांदे धरले. ‘आजी, ये आत्या नहीं कर रही. आत्याला माहीत बी नाही.’

आईनं तिला झटकलं. मग माझ्याकडं वळली. तिचा आवाज एवढा बारीक झाला की मला वाकून ऐकावं लागलं. ‘माह्या जित्या लेकराले तू कापायले देऊन राहिला का रे?’

कुंदा, हलतं ते सगळं जिवंत नसतं, हे तू मला शिकवलं होतंस. थांबलेलं सगळं मेलेलं नसतं, हेही तूच शिकवलं होतंस. दोन्ही मला पाठ होतं आणि त्या घटकेला एकाचाही उपयोग होईना. तू म्हणाली होतीस, कोणत्या मिनिटाला ते विचारू नको. पण आई नेमकं तेच विचारत होती, आणि तिचं विचारणं बरोबर होतं. मी चूक केली तर तुला जिवंतपणी दिलं असं होणार होतं, आणि ते मलाच आयुष्यभर माहीत असणार होतं.

पहिल्या तपासणीच्या वेळी आम्हाला बाहेर बसवलं. डॉक्टर येऊन म्हणाले, काही नाही. आई म्हणाली, ‘तो परका माणूस. त्यानं कायच्या डोळ्यानं पाह्यलं?’ दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना म्हणालो, मला आत उभं राहू द्या. ते म्हणाले, फार कठीण जातं. मी म्हटलं, साहेब, माझ्या बहिणीनं मला पाहायलाच शिकवलं आहे.

त्यांनी समजावून सांगितलं. मशीन काढणार, एका बारीक नळीनं ऑक्सिजन देत राहणार, आणि शरीर स्वतःहून श्वास ओढतं का ते पाहणार. रक्तात साचलेला दूषित वायू वाढला की जिवंत मेंदूला श्वास घ्यावाच लागतो, तो थांबूच शकत नाही. छातीकडं आणि पोटाकडं पाहा, ते म्हणाले. तुझ्या अंगावरची चादर कमरेपर्यंत खाली घेतली. मशीन काढलं. तो ठेका थांबला आणि खोलीत एकदम शांत झालं.

मी पाहत राहिलो. तुझ्या बरगड्यांची कड, तिथून पोटाचा उतार, गळ्याजवळची खाच. पहिल्यांदा मला वाटलं, घाबरून थांबली असेल. धक्का बसलाय, सुटेल. मी मनात म्हणत होतो, रुको, डर गया है. एकदा वाटलं हललं, पण तो माझाच श्वास होता. मग मी माझाही धरून ठेवला. डॉक्टर घड्याळाकडं पाहत होते, मी नाही. माझे डोळे चुरचुरायला लागले तरी मी पापणी पाडली नाही. घे ना, मी म्हणत होतो. एक घे, मी सगळ्यांना हाकलून देतो. कंट्रोल रूम नाही, मेन स्विच नाही, सगळं तुझं खरं, मी हरलो, पण एक श्वास घे.

तू घेतला नाहीस.

बाहेर आलो तेव्हा आई बाकावर बसलेली होती. मुठीत कापूस चुरगळून गोळा झाला होता. तिनं विचारलं, ‘तुनं पाह्यलं? डाक्टरनं नाई. तुनं?’

‘मी पाह्यलं, आई.’

‘घेतला नाई तिनं?’

‘नाई घेतला.’

तिनं माझं तोंड निरखलं, लहानपणी मी खोटं बोललो की निरखायची तसं. मग म्हणाली, ‘मंग दे. तिनं बोललं होतं तर दे. मधात नको लटकवून ठेवू तिले.’ आणि मग ती रडायला लागली, आधी नाही.

तुला आत न्यायच्या आधी आम्हाला भेटू दिलं. किडन्या टिकाव्यात म्हणून मशीन परत लावलं होतं, छाती परत वर-खाली होत होती. मी तुझा हात धरला. तो गरम होता. आजवर मी ज्यांना निरोप दिला ती सगळी माणसं गार झालेली होती. गरम हात सोडायचा कसा, ते मला कोणी शिकवलेलं नाही. मृणालनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

तुझ्या किडन्या कोणाला गेल्या ते आम्हाला सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलं नाही. लोक म्हणतात, ती कोणात तरी जिवंत आहे. लोकांना बोलायला काय जातं! तू असतीस तर म्हणाली असतीस, किडनी जिवंत आहे, कुंदा नाही, उगाच घोळ करू नका. मी पहिल्यांदाच तुझ्या बाजूनं भांडलो असतो. काल मात्र पाहुण्यांच्या पानात वाढत राहिलो.

आता सांगतो ते तेवढं ऐक, मग तुला मोकळी करतो. आई दुपारी जेवून आडवी होते. तिचा डोळा लागला की मी दारात येऊन उभा राहतो आणि तिच्या पदराकडं पाहतो. तो वर जातो, खाली येतो. मी ओट्यावर जाऊन बसतो, जरा वेळानं पुन्हा उठतो, पुन्हा पाहतो. मृणाल झोपलेली असली तर तिच्याही दाराशी थांबतो. हे पाहणं तू मला शिकवलंस, कुंदा. थांबवायचं कसं, ते सांगायचं राहिलं.